छडी नवी, पोरगं उसनं

यापुढे कुणी अनाथ पोराची पटकथा माझ्यापुढे टाकली, तर त्या पोराला मी दत्तक घेईन, शाळेत घालेन, त्याच्या लग्नाचा खर्चही करीन. पटकथा मात्र वाचणार नाही.

पटकथा वाचून मत देणं हे माझ्या पोटापाण्याचं एक काम आहे. 'छोटा जादूगार' हा त्यातला बारमाही प्रकार. पहिल्या पानावर आईबाप मेलेले किंवा गायब. तिसऱ्या पानावर मामी छळते. पोराच्या अंगावर कुठेतरी खूण, ती रात्री चमकते. बाराव्या पानाच्या आसपास वाढदिवस येतो आणि त्याच दिवशी एक गूढ निरोप. मग डोंगरात दडलेली शाळा. तिथे दोन मित्र भेटतात, पैकी मुलगी पुस्तकी किडा आणि मुलगा खादाड. पांढऱ्या दाढीच्या गुरुजींना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक असतं, पण शेवटच्या वीस पानांपर्यंत ते तोंड उघडत नाहीत. उघडलं तर सिनेमा मध्यंतरालाच आटोपेल. आणि खलनायकाने त्या पोराच्या आईबापांना मारलेलं असतं, हे पोर सोडून सगळ्या थिएटरला कळलेलं असतं.

"यात तुझं काय?" असं विचारलं की लेखक खुलतो. म्हणतो, "मॅडम, आपल्याकडे छडी नाहीये. रुद्राक्ष आहे."

निर्माते याहून वेगळे असतील असं समजू नका. लेखक दीड तास घसा कोरडा करून नरेशन देतो, निर्माता मोबाईलवरून नजर उचलतो आणि म्हणतो, "मस्त आहे. पॉटरसारखं पाहिजे, फक्त पॉटर वाटायला नको." लेखक बिचारा मान डोलावतो आणि घरी जाऊन रुद्राक्षाचा रंग बदलतो.

आता माझ्याकडून अपेक्षा असणार की मी त्या निर्मात्याला झोडपावं. झोडपणार नाही. त्याची मागणी रास्त आहे. हॉलीवूडही लेखकांकडून वर्षानुवर्षं हेच मागत आलं आहे: तेच द्या, पण वेगळं द्या. प्रेक्षकाला, त्यातून लहान प्रेक्षकाला, ओळखीचं काहीतरी लागतंच. तीच गोष्ट शंभरदा सांग म्हणणारं पोर घरात असेल तर हे तुम्हाला सांगायला नको. माझं भांडण ओळखीच्या गोष्टीशी नाही. ती ओळख आणता कुठून, याच्याशी आहे.

हॅरी पॉटर लिहिणाऱ्या रोलिंगबाईंनी ती कुठून आणली ते पाहा. पहिलं पुस्तक 1997 चं. त्यात मुलं रेल्वेने निवासी शाळेत जातात, त्यांची चार 'घरां'त वाटणी होते, मोठी मुलं लहानांवर देखरेख करतात, घरांना गुण मिळतात आणि कापले जातात, सामने होतात, वर्षाखेरीला मेजवानी होते. यातलं काहीही जादूचं नाही. 'टॉम ब्राऊन्स स्कूल डेज' 1857 सालचं. एनिड ब्लायटनची मॅलरी टॉवर्सची पुस्तकं 1946 ते 1951 मधली. ब्रिटिश पोरांच्या चार पिढ्या हॉस्टेल, मॅच, चोरून केलेला रात्रीचा फराळ आणि एक खडूस मास्तर अशा गोष्टी वाचून मोठ्या झाल्या. रोलिंगबाईंनी त्या मुरलेल्या शाळेत छडी नेऊन ठेवली. ब्रिटिश वाचकाला शाळा आज्जीच्या कपाटातली वाटली आणि छडी नवी. तोल साधला तो असा.

जादूची शाळासुद्धा त्यांची नव्हे. अर्सुला ली ग्विनने ती 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त 1968 सालीच बांधली होती. आणि पडद्यावर पॉटरची जी सजावट आपण अस्सल मानतो तिचं घ्या. 1985 मध्ये 'यंग शेरलॉक होम्स' नावाचा सिनेमा आला. जुनी निवासी शाळा, हुशार काटकुळा नायक, गोल चष्म्याचा गुबगुबीत दोस्त, सोबत एक मुलगी, आणि आपल्याच मास्तरांत लपलेला खलनायक. पटकथा ख्रिस कोलंबसची. सोळा वर्षांनी पहिल्या पॉटरपटाचं दिग्दर्शन कुणी केलं? त्याच कोलंबसने. तेव्हा 'हे आधी कुणीतरी केलंय' या भीतीने रात्री जागणाऱ्या लेखकांनी निवांत झोपावं. सगळं आधी कुणीतरी केलेलंच असतं.

पण झोपून उठल्यावर एक गोष्ट ध्यानात घ्या. ती शाळा ब्रिटिश पोराच्या ओळखीची आहे, तुमच्या पोराच्या नाही. बार्शीच्या सहावीतल्या मुलाला 'प्रीफेक्ट' ही काय भानगड असते ते ठाऊक नाही. त्याला 'हाउस कप' आणि जादूची छडी सारखीच परदेशी वाटतात. म्हणजे रोलिंगबाईंनी जे ओळखीचं म्हणून वापरलं, ते तुम्ही नवलाई म्हणून उचलता. मग तुमच्या कथेत ओळखीचं काय उरतं? पॉटर. आणि नवीन काय उरतं? रुद्राक्ष. दुसऱ्याच्या घरातला देव्हारा उचलून आणायचा, आपल्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवायचा, आणि घरात भक्तिभाव का येत नाही म्हणून वास्तुतज्ज्ञाला बोलवायचं, असा हा प्रकार.

हिंदीत 2004 मध्ये 'आबरा का डाबरा' आला. जादूची शाळा, वर थ्रीडी चष्मे. तो आज कुणाला आठवत नाही, यातच सगळं आलं. त्याहून सरस किस्सा 2008 चा. 'हरी पुत्तर' या नावाचा सिनेमा येतोय म्हटल्यावर वॉर्नर ब्रदर्सने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने मनाई हुकूम द्यायला नकार दिला. पॉटर वाचणाऱ्याला एवढा फरक सहज कळेल, असा न्यायालयाचा सूर होता. फरक होताच. सिनेमात जादूचा पत्ता नव्हता. घरचे सहलीला गेलेत, पोरगा घरात एकटा आणि दोन चोर, अशी ती गोष्ट. म्हणजे 1990 चा 'होम अलोन'. आणि 'होम अलोन'चा दिग्दर्शक कोण? ख्रिस कोलंबस! नाव त्याच्या एका सिनेमावरून, गोष्ट त्याच्या दुसऱ्या सिनेमावरून. एवढी एकनिष्ठा हल्ली सख्ख्या शिष्यातही सापडत नाही.

बाराव्या पानावरच निरोप का येतो, हेही एकदा सांगून टाकते. जोसेफ कॅम्बेलने 1949 मध्ये जगभरच्या पुराणकथांतला समान सांगाडा मांडणारं जाडजूड पुस्तक लिहिलं. पुढे हॉलीवूडमध्ये नोकरीला असलेल्या ख्रिस्तोफर व्होग्लरने त्याचं सात पानी टिपण केलं, ते स्टुडिओत हातोहात फिरलं आणि 1992 मध्ये त्याचंही पुस्तक झालं. 2005 मध्ये ब्लेक स्नायडरने सांगाड्याला पानांचे आकडे लावले: बाराव्या पानावर ठिणगी, पंचविसाव्यावर नव्या जगात प्रवेश, पंचावन्नाव्यावर मध्य, पंचाहत्तराव्यावर सर्वनाश. म्हणून आपल्या पटकथांतले गुरुजी पंचाहत्तराव्या पानावर मरतात. त्यांना दुसरा काही आजार नसतो.

या कुंडल्यांवर माझा राग नाही. स्नायडरचं पुस्तक गमतीदार आहे आणि कामाचंही आहे. राग आहे तो कुंडली जुळली की लग्न लागलं असं मानणाऱ्यांवर.

दुसऱ्या टोकाला 'अस्सल' काहीतरी करायला निघालेले वीर आहेत. यांच्या पटकथेच्या आधी तीस पानांचं टिपण येतं. सतरा कुळं, नऊ प्रकारच्या ऊर्जा, दोन चंद्र, एक नकाशा. पोर कुठे आहे ते शोधावं लागतं. डायना विन जोन्सने 1996 मध्येच 'द टफ गाइड टु फँटसीलँड' लिहून या मंडळींची यथेच्छ टिंगल केली होती. नकाशावर जे जे गाव दाखवलंय तिथे तिथे नायकाला जावंच लागणार, हे तिने तेव्हाच ताडलं होतं. यांच्याविषयी याहून जास्त शाई खर्च करायची माझी तयारी नाही.

तोल कसा असतो, हे बघायचं तर 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' बघा. एइको कादोनोचं पुस्तक 1985 चं, हायाओ मियाझाकीचा सिनेमा 1989 चा. वरून सगळं घासूनपुसून जुनं: चेटकीण, काळा फ्रॉक, झाडू, काळं मांजर. त्यात एकही वस्तू नवी नाही. नवी आहे ती त्या तेरा वर्षांच्या मुलीची अडचण. रिवाजाप्रमाणे तिला वर्षभर घर सोडून परक्या गावात राहायचंय, आणि तिला येतं काय, तर फक्त उडता. मग ती एका बेकरीच्या आसऱ्याने घरपोच सामान पोचवायचा धंदा काढते. कामं उलटीपालटी होतात. भिजते, तापाने फणफणते. ज्या नातीला आज्जीने प्रेमाने भाजून पाठवलेला 'पाई' नावाचा पदार्थ पोचवायला ही पावसात उडत गेलेली असते, ती नात दारात नाक मुरडते. आणि एके दिवशी उडणंच बंद होतं. मांजराचं बोलणंही कळेनासं होतं. खलनायकाने शाप दिला म्हणावं, तर सिनेमात खलनायकच नाही. मुलगी थकलीये, तिचा स्वतःवरचा विश्वास उडालाय, एवढंच.

पुण्यात कॉट बेसिसवर राहून पहिली नोकरी करणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, तिला यातलं काय ओळखीचं वाटतं. झाडू सोडून सगळं. ओळख आली ती जगण्यातून. झाडू तर आपण सगळ्यांनी चित्रांत पाहिलेलाच आहे. त्याने फक्त आत शिरायचं दार उघडलं.

मूळ सिनेमात किकी पुन्हा उडू लागते, पण मांजर तिच्याशी पुन्हा बोलत नाही. डिस्नेने 1998 मध्ये इंग्रजी डबिंग करताना शेवटी मांजराच्या तोंडी बोलणं घातलं. हरवलेलं सगळं परत मिळालंच पाहिजे, नाहीतर पोरं रडतील! अहो, रडू द्या की. तेरा वर्षांच्या मुलीचं काहीतरी कायमचं जातं, हे तेरा वर्षांच्या मुलींना डिस्नेपेक्षा बरं कळतं.

ली ग्विनच्या 'अर्थसी'तल्या नायकाचं, गेडचंही तसंच. गुर्मीत येऊन, वर्गातल्या पोरावर छाप पाडायला तो नको ती विद्या वापरतो आणि एक सावली जगात सोडून बसतो. पुढे पुस्तकभर ती त्याच्या मागे आणि मग तो तिच्या मागे. शेवटी ती सावली कोण निघते? तोच. यात मारायला काळ्या झग्यातला कुणी नाही. या पुस्तकांवरून 2004 मध्ये अमेरिकेत टीव्ही मालिका झाली, तेव्हा तांबूस-सावळ्या गेडला गोरा करून टाकलं. ली ग्विनबाईंनी जाहीर लेख लिहून निर्मात्यांची सालटी काढली. स्टुडिओला 'ओळखीचं' म्हणजे कुणाच्या ओळखीचं अभिप्रेत असतं, ते तिथे उघडं पडलं.

वयाचा घोळ याच जातीचा. सुसान कूपरच्या 'द डार्क इज रायझिंग'मध्ये, 1973 च्या पुस्तकात, विल अकरा वर्षांचा इंग्रज मुलगा आहे. 2007 च्या सिनेमात तो अमेरिकी झाला आणि वयानेही वाढला. सिनेमा आपटला. रिक रायर्डनचा पर्सी जॅक्सन बारा वर्षांचा. 2010 च्या सिनेमात मिसरूड फुटायच्या बेताला आला, आणि दिग्दर्शक कोण असावा? पुन्हा आपले कोलंबस. रायर्डनने निर्मात्यांना पत्रं लिहून आधीच बजावलं होतं. ती पत्रं त्याने पुढे प्रसिद्धही केली. 2023 मध्ये त्याला सोबत घेऊन मालिका झाली, तेव्हा पर्सी परत बारा वर्षांचा झाला. बारा वर्षांच्या पोराला बारा वर्षांचं ठेवायला तेरा वर्षं लागली.

आपल्याकडे हे कुणाला जमलंच नाही, असं नाही. सत्यजित राय यांनी आजोबांच्या, उपेंद्रकिशोरांच्या, गोष्टीवरून 1969 मध्ये 'गुपी गाइन बाघा बाइन' केला. एकाचा सूर भसाडा, दुसऱ्याचा ढोल बेताल. दोघांनाही गावाने हाकललेलं. भुतांचा राजा त्यांना तीन वर देतो. तीन वर यापेक्षा झिजलेली युक्ती जगात नसेल. पण वर चालतो केव्हा? दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली तर. एकट्याला काही जमत नाही. आणि या पोरांनी युद्ध कसं थांबवलं? उपाशी सैन्यावर आकाशातून मिठाईची मडकी उतरवून. एकही गडगडाट नाही, निळ्या-लाल किरणांची झोंबाझोंबी नाही. मल्याळममध्ये 1984 साली 'माय डिअर कुट्टिचात्तन' आला, भारतातला पहिला थ्रीडी सिनेमा. मुलं मांत्रिकाच्या तावडीतून एक छोटं भूत सोडवतात आणि ते भूत घटाघटा दारू पितं. ज्या मुलीच्या घरी ते येतं तिचा बापही दारूडा. थ्रीडी हा त्या सिनेमातला चमत्कार खराच, पण घरात दारू पिणारा बाप असणं ही गोष्ट देशातल्या किती मुलांच्या ओळखीची होती, ते मी सांगायला नको.

मराठीतलं भांडार तर नुसतं पडून आहे. नवनाथ भक्तिसाराचे चाळीस अध्याय. श्रावणात घरोघर पारायण होतं, पण पटकथाकाराला त्यातला बारा वर्षांचा जादूगार दिसत नाही. मच्छिंद्रनाथाने मूल व्हावं म्हणून दिलेलं भस्म बाईने घाबरून उकिरड्यावर टाकलं. बारा वर्षांनी नाथ परतला, उकिरड्यापाशी जाऊन हाक मारली आणि आतून गोरख बाहेर आला. कुठलं पत्र, कुठलं घुबड! हा पोरगा पुढे संजीवनी मंत्र घोकत बसलेला असतो. गावची पोरं म्हणतात, आमच्या चिखलाच्या गाडीला गाडीवान करून दे. हा तोंडाने मंत्र म्हणतोय आणि हाताने चिखलाचा बाहुला करतोय. बाहुला जिवंत होतो! पोरं भूत भूत म्हणून पळतात. आता त्या रडणाऱ्या जिवाचं करायचं काय? गुरुशिष्य ते मूल एका जोडप्याच्या ओटीत घालतात. तोच गहिनीनाथ, पुढे निवृत्तिनाथांचा गुरू. अभ्यासात लक्ष नसताना सहज केलेल्या खेळातून एक अख्खं माणूस जन्माला येतं आणि त्याची सोय लावावी लागते. जादूची किंमत याहून चोख कुणी सांगितलीये?

गुरूला वडे आवडले म्हणून आणखी वडे मागायला गेलेला हाच गोरख बाईने डोळा मागितला तर डोळा काढून देतो. आणि गुरू? तो पंचाहत्तराव्या पानावर मरत नाही. तो स्त्रीराज्यात सुखात रमतो आणि त्याला परत यायचंच नसतं. शिष्याने वेश बदलून, मृदंगाच्या बोलांतून खुणावून त्याला बाहेर काढायचं. मेलेल्या गुरूचा सूड घेणं फार सोपं. सुखात लोळणाऱ्या गुरूला 'चला, उठा' म्हणणं कठीण. कोल्हापुरात प्रभातने 1932 मध्ये 'माया मच्छिंद्र' काढला, शांतारामबापूंचं दिग्दर्शन. मराठी सिनेमा बोलायला लागून वर्षही झालं नव्हतं. आणि आज आम्हाला जादूसाठी पॉटरच्या स्कॉटलंडला जावं लागतं.

थांबा, एवढ्यात लॅपटॉप उघडू नका. हे वाचून उद्या माझ्या टेबलावर 'गोरख अँड द सीक्रेट ऑफ शाबरी' येणार, हिमालयातल्या गुरुकुलात अग्नी, जल, वायू, पृथ्वी अशी चार 'घरं' असणार, गोरखच्या कपाळावर खूण असणार आणि पार्श्वसंगीतात शंभर माणसं संस्कृतसारखं काहीतरी ओरडणार, हे मला दिसतंय. तो पुन्हा रुद्राक्षच. भगवा रंग लावला म्हणून गोष्ट आपली होत नाही. आपली कशाने होईल? स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलेल्या पोराने. हप्ते थकलेल्या बापाने. आश्रमशाळेतल्या त्या मुलाने, ज्याला दिवाळीला घरी न्यायला कुणी आलं नाही. अशा मुलाच्या हातात चिखलाचा बाहुला जिवंत झाला तर तो पहिल्यांदा काय करेल? मला वाटतं, लपवेल. अधीक्षकांच्या नजरेआड ताटातली अर्धी भाकरी नेऊन त्याला घालेल. बघा, सिनेमा सुरू झालासुद्धा, आणि व्हीएफएक्सचा खर्च अजून शून्य आहे.

पैसे नाहीत, प्रेक्षक नाही, हे रडगाणंही पुरे. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' 2018 मध्ये रंगमंचावर नव्याने आलं आणि हाउसफुल्ल झालं. एक चेटकीण, थोडा रंग, थोडा धूर, आणि खुर्चीवर उभी राहून ओरडणारी पोरं. प्रेक्षक तिथे बसलाय. ओळखीचं काय हवं नि नवं काय हवं, ते त्याला नेमकं कळतं. कळत नाही ते आपल्याला.

तेव्हा ज्यांना मला पटकथा पाठवायची असेल, त्यांनी आधी एकच पान पाठवावं. पोराला काय हवंय, जादू त्याच्याकडून काय काढून घेते, आणि ते गेल्यावर तो घरी कुणाला काय सांगतो, एवढंच त्यावर लिहावं. नकाशा, कुळांची यादी आणि पांढरी दाढी सोबत जोडू नये.